दांतांच्या माथीं

संसारांत घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कांहीं तरी कारण असलेंच पाहिजे, असा मनुष्याचा आग्रह असतो. आणि तें कारण शोधण्याचे श्रम मात्र आपल्याला पडूं नयेत, अशी त्याची इच्छा असते. हा आग्रह व ही इच्छा यांचा मेळ घालण्यासाठीं बहुतेक घरांनीं एकेक हक्काचा अपराधी नेमून ठेविलेला असतो. भांड्यांतलें दूध कमी भरलें कीं मांजर, पीक हातचें गेलें कीं नक्षत्र, आणि मुलगा परीक्षेंत नापास झाला कीं शेजारचा मुलगा. ज्या घरांत रांगतें मूल आहे, त्या घरांत हा मान निर्विवादपणें त्या मुलाच्या दांतांकडे जातो. मूल रडलें, दांत येत आहेत. मूल जेवलें नाहीं, दांत येत आहेत. अंग तापलें, जुलाब झाले, कान दुखला, रात्रभर घर जागें राहिलें, तरी उत्तर एकच. तांदळाच्या कणीएवढी ती वस्तु. पण तिच्या माथीं आपण किती ओझें देतों, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. तो थोडासा मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

एकाचें दुसऱ्याच्या नांवावर जाण्याची संवय आमच्या गांवाला जुनी आहे. आष्टी म्हटलें कीं कोणाला बीड जिल्ह्यांतील तालुक्याची आष्टी आठवते. कोणाला वर्धा जिल्ह्यांतील, १९४२ च्या लढ्यांत गाजलेली आष्टी आठवते. आमची आष्टी या दोहोंहून निराळी. ती परतूर तालुक्यांतली. तिच्या उत्तरेस परतूरचें रेल्वे-स्थानक आणि दक्षिणेस गोदावरी. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पुढें १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निराळा झाला, तेव्हां परतूर तालुका परभणींतून निघून त्यांत गेला आणि त्याबरोबर आम्हीही जालन्याचे झालों. एवढें सगळें सांगितल्यावरही ऐकणारा मान डोलावून, ‘म्हणजे बीडकडची ना?’ असें विचारतो. नांव एक असलें म्हणजे पत्ता चुकतो, तसेंच वेळ एक असली म्हणजे कारण चुकतें. दांतांच्या बाबतींत नेमकें हेंच घडतें, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

आमच्या घरीं तीन पिढ्या नांदतात. आमच्या मातोश्रींच्या मुखांत खालचे दोन दांत शिल्लक आहेत, आणि त्या दोघांच्या बळावर त्या सुपारीखेरीज बाकी सर्व पदार्थांशीं सामना देतात. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं, म्हणजे ज्या दिवसांची ही हकीकत आहे त्या दिवसांत, धाकटे चिरंजीव नऊ महिन्यांचे होते, आणि त्यांनाही खालचेच दोन दांत होते. आजी व नातू समोरासमोर बसून हंसूं लागले म्हणजे एकानें दुसऱ्याची नक्कल चालविली आहे असा भास होई. या दोहोंच्या मधें सहा वर्षांची थोरली कन्या. बाळ जन्मलें त्या दिवशीं तिचें बारशाचें नांव मागें पडलें आणि तिला ‘ताई’ ही पदवी मिळाली. आम्हीही या लेखांत तिला त्याच पदवीनें संबोधणार आहों.

पहिला दांत डोळ्यांना दिसण्यापूर्वीं कानांना कळतो, हें अनुभवी गृहिणींना सांगावयास नको. एके दिवशीं चांदीच्या वाटींतून वरणाचें पाणी पाजीत असतां वाटीच्या कांठावर ‘टक्’ असा बारीक आवाज झाला, आणि घरांतील सर्व कामें थांबलीं. त्यापूर्वीं दोन महिने लाळेचा पूर चालूच होता. अंगांतलीं झबलीं दिवसांतून पांच वेळां बदलावीं लागत. हाताला लागेल ती वस्तु तोंडांत जाई: खाटेचा खूर, लाटणें, आमची वहाण आणि मासिकांचे जुने अंक. छापील मजकुराची एवढी भूक आम्हीं अलीकडे दुसऱ्या कोणांत पाहिलेली नाहीं. मातोश्रींनीं सहाण मांडून गुटी उगाळावयास घेतली. वेखंड, मुरडशेंग, जायफळ यांच्या जोडीला दांतांसाठीं म्हणून डिकेमाली आणविली. तिच्या उग्र वासानें बाळापेक्षां आम्हीच अधिक व्याकुळ झालों.

आपल्या पूर्वजांनाही हें प्रकरण किरकोळ वाटलेलें नाहीं. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडांत पहिल्या दोन दांतांवर एक सूक्तच आहे. त्यांत ते दांत म्हणजे आईबापांना खाऊं पाहणारे दोन वाघच होत अशी कल्पना करून, तुम्ही तांदूळ, जव, उडीद व तीळ खा, पण आईबापांना इजा करूं नका, अशी त्यांची समजूत घातली आहे. अंगावर पाजणाऱ्या कोणत्याही मातेला ही कल्पना अतिशयोक्तीची वाटणार नाहीं. वरचे दांत आधीं आले तर तें मामाला जड, अशी आपल्याकडे समजूत आहे. वेदांतील आईबापांवरचें संकट मामाकडे केव्हां सरकलें, हें ठाऊक नाहीं. तें सासरच्या मंडळींनीं सरकविलें असावें, असा आमच्या गृहिणींचा संशय आहे. काश्यपसंहितेंत दांतांच्या जन्मावर स्वतंत्र अध्याय आहे. आणि अष्टांगहृदयकार वाग्भटानें तर दांत फुटणें हें सर्वच रोगांचें कारण होय असें म्हणून ताप, जुलाब, खोकला, वांति अशी यादीच दिली आहे. मात्र त्याच ठिकाणीं त्यानें एक शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे. दांत येतांना होणाऱ्या विकारांत मुलाला फार जखडूं नये. दांत बाहेर आले कीं ते आपोआप शमतात, असें तो म्हणतो. आपल्या घरांनीं यांतील पहिलें वाक्य तंतोतंत पाळलें, आणि दुसऱ्याचा अर्थ ‘कांहींच करूं नये’ असा घेतला.

हा समज आपलाच तेवढा आहे, असेंही नाहीं. लंडन शहरांत मृत्यूंच्या कारणांच्या याद्या छापून निघत. त्यांपैकीं १६३२ सालच्या यादींत ‘दांत’ या एका सदराखालीं ४७० मृत्यु मांडलेले आहेत. पुढें युरोपांत बाळाच्या सुजलेल्या हिरडीला चीर देण्याची रीत चांगल्या चांगल्या वैद्यांनीं चालविली. एकोणिसाव्या शतकांत विलायतेंत दांत येणाऱ्या मुलांसाठीं तयार पुड्या विकूं लागले, आणि त्यांत पारा असे. त्या घेणाऱ्या कांहीं मुलांचे हातपाय लाल-गुलाबी होऊन त्यांची कातडी सोलटे, अन्नावरची वासना जाई, आणि तीं रात्रंदिवस तळमळत. या रोगाच्या मुळाशीं पारा आहे, असें वारकनी व हबर्ड या अमेरिकन डॉक्टरांनीं १९४८ सालीं दाखविलें. नंतर कांहीं वर्षांतच विलायतेंतल्या त्या पुड्यांतून पारा गेला आणि त्यापाठोपाठ तो रोगही दिसेनासा झाला. ज्या दांतांनीं कोणाचेंही वाईट केलें नव्हतें, त्यांच्यावरील इलाजानें मात्र मुलें दगावलीं.

मग दांतांचा खरा अपराध किती? सन २००० मध्यें अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील डॉक्टरांनीं १२५ बाळांच्या आईबापांकडून रोजची टिपणें ठेवविलीं आणि दांत येण्याचे दिवस व दुखण्याचे दिवस ताडून पाहिले. लाळ गळणें, हिरड्या चोळणें, चावणें, चिडचीड, झोंपमोड, घट्ट अन्नाचा कंटाळा आणि अंग किंचित् कोमट होणें, एवढेंच दांतांकडे निघालें. जोराचा ताप व जुलाब यांचा त्यांच्याशीं संबंध दिसला नाहीं. मग हीं दुखणीं दांतांच्याच वेळीं कां येतात? याचें उत्तर कोणत्याही घराच्या जमिनीवर रांगतांना दिसेल. सहाव्या महिन्याच्या सुमारास पहिला दांत येतो. पण त्याच सुमारास आईकडून जन्मतःच मिळालेलें रोगांपासूनचें संरक्षण ओसरूं लागतें, त्याच सुमारास वरचें अन्न व वरचें पाणी सुरू होतें, आणि त्याच सुमारास मूल रांगत जाऊन उंबऱ्याची माती तोंडांत घालतें. चोर घरांत शिरून निघून गेले आहेत, आणि त्याच वेळीं दारांत आलेला एक पाहुणा मात्र सांपडला आहे, असा हा प्रकार होय.

हें झालें धाकट्याचें. घरांतील थोरल्या मुलाच्या बाबतींत दांतांची ही जागा दुसरी एक गोष्ट घेते; तिचें नांव हेवा. पाठीवर भावंड आल्यापासून थोरल्यानें जें जें करावें, त्याचें कारण लोकांना आधींच ठाऊक असतें. ताई शाळेंतून आल्यावर गप्प बसली, हेवा. ताईनें बाळाची टोपी आपल्या डोक्यावर घातली, हेवा. आणि ताईनें बाळाचा मुका घेतला, तर मनांतून हेवा वाटतो म्हणून वरून लाड दाखविते! या न्यायालयांत सुटकेचा मार्गच नाहीं. आपल्या समाजांत थोरल्या मुलीचें बालपण धाकट्याच्या पहिल्या रडण्याबरोबर संपतें. ‘तूं आतां मोठी झालीस’ हें वाक्य तिला दिवसांतून जितक्या वेळां ऐकावें लागतें, तितक्या वेळां तिला कोणी जवळही घेत नसेल.

पावसाळ्याच्या तोंडावर ताईनें ज्वारीची भाकरी खावयाचें सोडलें. भाकरी दुधांत कुस्करून द्या, असें ती म्हणूं लागली. जेवतांना मधेंच गालावर हात ठेवून रडूं लागली. बाळाच्या तोंडांत विजेरी धरून सर्व मंडळी वरच्या हिरडीची पाहणी करीत असत, तेव्हां ती आपलेंही तोंड उघडून शेजारीं उभी राही आणि म्हणे, ‘माझ्या पण तोंडात बघा ना.’ मातोश्रींनीं निकाल देऊन टाकला: ‘लेकराचं बघायलेत म्हणून हिला बी पाहिजे. लहान व्हायलीय पुन्हा.’ शेजारणींनीं त्यावर आपापल्या घरचे दाखले दिले, आणि निकाल कायम झाला.

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या. गांवांत पेरणीची गडबड, रस्त्यावर चिखल, नळाचें पाणी गढूळ. अशा एका सकाळीं बाळाला जुलाब सुरू झाले आणि अंगही चांगलेंच तापलें. दुपारपर्यंत सात-आठ वेळ झाले. शेजारणींची बैठक भरली.

‘दातावरचं हाय ते,’ मातोश्री म्हणाल्या. ‘दात यायलेत लेकराला, जुलाब व्हायचेच. वरचे दोन निघाले की आपोआप थांबतंय.’

‘आत्या, डोळे बघा ना त्याचे, किती आत गेल्यासारखे दिसायलेत,’ गृहिणी म्हणाल्या.

‘दातानं लेकरू वाळतंच गं बाई.’

ही चर्चा चालू असतां ताई दारांत उभी होती. दोरीवर लंगोट वाळत घालण्याचें व वाळलेले घडी करून ठेवण्याचें काम हौसेनें तिनें आपल्याकडे घेतलें होतें, आणि त्या खात्याचा हिशेब तिच्याजवळ तोंडपाठ असे. ती म्हणाली, ‘आई, बाळानं सकाळपासून सू केलीच नाही. मी बघितलंय. सगळी शीच आहे.’

बैठक एकदम शांत झाली. दहा माणसांनीं त्या मुलाच्या तोंडाकडे पाहिलें होतें. त्याच्या लंगोटाकडे एकटीनेंच पाहिलें होतें, आणि ती हेवेखोर म्हणून ठरलेली होती. गृहिणींनीं बाळाला पदराखालीं घेतलें, आम्हीं छत्री घेतली, आणि ताईला घरीं ठेवण्याचें कोणाच्या लक्षांत न आल्यामुळें तीही बरोबर आली.

दवाखान्यांत डॉक्टरांनीं बाळाच्या पोटाची कातडी चिमटींत धरून सोडली. ती सावकाश खालीं बसली. जीभ कोरडी, डोळे खोल, लघवी बंद. दांतांची चौकशी त्यांनीं केलीच नाहीं. शरीरांतलें पाणी गेलें आहे, तें आधीं परत घातलें पाहिजे, असें म्हणून त्यांनीं एक पुडी फोडली, ती लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यांत विरघळविली, आणि वाटी-चमचा गृहिणींच्या हातीं दिला. मिनिटामिनिटानें चमचा, उलटी झाली तर थोडें थांबून पुन्हां चमचा, अंगावरचें दूध चालूच, आणि जस्ताची गोळी चौदा दिवस. दोन-तीन तास तेथेंच बसवून घेऊन, बाळ पाणी घेतें आहे असें पाहिल्यावरच त्यांनीं घरीं सोडण्याचें ठरविलें.

मीठ, साखर व पाणी यांच्या या साध्या मिश्रणाची कथा एखाद्या पुराणकथेहून कमी नाहीं. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि त्यांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगांव येथें शिरेंतून द्यावयाचें पाणी संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यांत कालवून तें पिंपांत भरलें, आणि रोग्यांच्या आप्तांनाच तें पाजावयास सांगितलें. शेंकडा तीसच्या घरांत गेलेले मृत्यु चारांच्याही खालीं आले. आतड्याला नुसतें पाणी शोषतां येत नसलें, तरी मीठ व साखर बरोबर असली म्हणजे त्यांच्या मागोमाग पाणीही आंत जातें, एवढेंच त्यांतील शास्त्र. वैद्य नव्हे तर आई हें औषध देऊं शकते, हें त्यांतील मोठेपण.

डॉक्टर हात धुऊन बसले, तेव्हां ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि कांहीं न बोलतां तिनें आ वासला. आम्ही तिला मागें ओढणार, तोंच त्यांनीं हंसत विजेरी उचलली. क्षणभर पाहिलें, पुन्हां नीट पाहिलें, आणि म्हणाले, ‘अहो, दात यायलेत ते हिला!’

गोष्ट अशी होती. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागें एक नवी दाढ येते. तिच्यासाठीं कोणताही दांत पडत नाहीं, म्हणून ती येत असल्याचें घरांत कोणाला कळतच नाहीं. ती अर्धवट वर आली असतां तिच्यावर हिरडीचा पडदा राहतो, त्याखालीं अन्न अडकून तो सुजतो, आणि घट्ट पदार्थ चावला कीं कळ येते. ताईच्या डाव्या बाजूस नेमकें हेंच झालें होतें. दुधाचे वीस दांत जातात व त्यांच्या जागीं दुसरे येतात, म्हणून संस्कृतांत दांतांना द्विज म्हणतात. पण ही दाढ एकदांच जन्मते आणि जन्मभर पुरवावी लागते. लोक तिला दुधाचीच समजून किडूं देतात, असें डॉक्टरांनीं सांगितलें. कोमट मिठाच्या पाण्यानें चुळा भराव्या, दाढ रोज घांसावी, आणि चार दिवस भाकरी दुधांत कुस्करून द्यावी, असा त्यांचा सल्ला पडला. यांतील शेवटचा उपचार रोगिणीनें स्वतःच आठ दिवसांपूर्वीं सुचविला होता.

म्हणजे दांतांनीं हैराण झालेलें मूल आमच्या घरांत होतें हें खरें; तें निराळें होतें, इतकेंच. ज्याचे दांत दोषी ठरले होते, त्याचें दुखणें पाण्यांतून आलेलें. आणि जिचे दांत खरोखर दुखत होते, तिच्या दुखण्याला हेवा हें नांव पडलेलें. कारण हें कुलुपासारखें असतें. तें एकदां लागलें कीं आपण निश्चिंतपणें पाठ फिरवितों. आंत कोण राहिलें आहे हें पाहावयाचें उरत नाहीं. हेवा भावंडांत नसतो, असें आमचें म्हणणें नाहीं. दांतांनीं हिरड्या दुखत नाहींत, असेंही नाहीं. परंतु खरें कारणसुद्धां फार वेळां वापरलें म्हणजे तें डोळ्यांवरची पट्टी होतें.

रात्रीं बाळानें एक लंगोट भिजविला. ताईनें ती वार्ता सर्व घरभर अशा आवाजांत जाहीर केली, कीं गल्लींतल्या लोकांनाही कळली. पहांटेपर्यंत ताप उतरूं लागला. इतकें झाल्यावर आम्ही हा लेख संपविला असता, तर वैद्यकशास्त्राचा विजय झाला आणि जुनी समजूत हरली, असें वाचकांस वाटलें असतें. परंतु त्या रात्रीं आणखी एक गोष्ट घडली, आणि ती सांगितल्यावांचून हा हिशेब पुरा होत नाहीं.

आमच्या जन्मापूर्वीं आम्हांला एक भाऊ होता. तो नऊ महिन्यांचा होऊन गेला. या गोष्टीला पन्नास वर्षें होत आलीं. त्याचा फोटो नाहीं. त्याच्याविषयीं घरांत एकच वाक्य होतें, आणि तें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों होतों: ‘थोरला दातावर गेला.’ जुलाब झाले, दोन दिवसांत गेला. दांत वाईट होते. नवऱ्याला, सासूला, शेजारणींना आणि स्वतःला मातोश्रींनीं जन्मभर हेंच सांगितलें होतें. त्या रात्रीं बाळाला चमचा चमचा पाणी पाजणाऱ्या सुनेजवळ त्या येऊन बसल्या. बराच वेळ त्या वाटीकडे पाहत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, ‘मग आमचं ते कशानं गेलं गं?’

या प्रश्नाला आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. आम्हांला तेव्हां प्रथम कळलें, कीं ज्या कारणाला आम्ही आळशी मनाची सोय म्हणत होतों, तें एका आईचें छप्पर होतें. मुलाला दांतांनीं नेलें, म्हणजे देवानें नेलें; त्यांत कोणाचा हात नव्हता. तें दांतांवर गेलें नाहीं, असें म्हणणें म्हणजे तें वांचलें असतें, असें म्हणणें. पन्नास वर्षें ज्याखालीं एक माणूस उभा राहिला, तें छप्पर शास्त्राच्या नांवानें एका वाक्यांत काढून घ्यावें काय? आणि न घ्यावें, तर पुढच्या मुलाचें काय?

उत्तर गृहिणींनीं दिलें. चमच्यावरची नजर न काढतां त्या म्हणाल्या, ‘पाणी गेलं असंल अंगातलं, आत्या. पण ही पुडी तवा गावात होती कुठं? तुम्ही काय करणार होता?’

मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं सुनेच्या हातांतून वाटी घेतली आणि म्हणाल्या, ‘तू पड जरा. मी पाजते.’ उजाडेपर्यंत त्या पाजीत बसल्या होत्या. गुटीच्या सहाणीइतक्याच सराईत हातानें त्या चमचा धरीत होत्या. फक्त मधूनमधून पदरानें डोळे टिपीत होत्या.

पुढें पंधरा दिवसांनीं शेजारच्या घरीं सात महिन्यांचें लेकरूं जुलाबांनीं हैराण झालें. तेथें बैठक भरली, आणि कोणी तरी नेहमीचें वाक्य उच्चारलें. आमच्या मातोश्री त्या बैठकींतल्या सर्वांत वडील. त्यांच्या होकारासाठीं सर्वजणी थांबल्या. त्या म्हणाल्या, ‘दातावर सोडू नका. आधी लघवी होतीय का ते बघा.’ आणि पुडी आणावयास त्यांनीं ताईला आशाताईंकडे पिटाळलें.

धाकट्याचे वरचे दोन दांत यथाकाल आले, खालच्यांनंतर आल्यामुळें मामाही सुखरूप आहे. ताईची दाढ हिरडींतून पूर्ण वर आली असून ती आतां भाकरीचे कांठसुद्धां सोडीत नाहीं. दवाखान्यांतील प्रसंगापासून तिनें घरांत एक नवी रीत सुरू केली आहे. दर रविवारीं सकाळीं ती विजेरी घेऊन बसते आणि घरांतील सर्वांना क्रमानें तोंड उघडावें लागतें. आधीं बाळ, मग आई, मग आजी. आजीचे दोन दांत मोजून झाल्यावर ती आम्हांस बोलावते. आम्हांस उजवीकडे एक किडलेली दाढ आहे, आणि ती दुखत नाहीं असें आम्ही तिला दर आठवड्यास सांगतों. पण ती आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवीत नाहीं, स्वतः पाहते.